हळू बसा, सरकारी आहे

घोरपडे काकूंची बेल वाजवली की दार उघडायच्या आधी जाळीमागून एक प्रश्न येतो. कोण आहे, हा नाही. काय काम आहे, हाही नाही. काकू विचारतात, "वजन किती?"

मराठी माणसाला मराठीत, बाकी सगळ्या लखनौला हिंदीत. गॅसवाल्या भैयाने पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तो सिलिंडरचं वजन सांगून मोकळा झाला. "सिलिंडर का नहीं भैया, आपका," काकू म्हणाल्या. तेव्हापासून तो सिलिंडर बाहेर ठेवतो आणि जिन्यावरूनच हाक मारतो. हळदीकुंकवाचं बोलावणं करायला आलेल्या कुलकर्णी वहिनी प्रश्न ऐकून एकदम ओशाळल्या. "अहो, हल्ली रोज चालायला जाते मी," असं म्हणून बोलावणं न करताच परत गेल्या.

मी पहिल्यांदा त्या दारात उभी राहिले तेव्हा हातात बॅग आणि पाठीवर सॅक होती. वाशीम जिल्ह्यातल्या आमच्या गावातून निघून लखनौपर्यंत आले होते. बाबा बाजार समितीत हमाली करतात, आई रोजाने शेतात जाते. कॉलेजची पायरी चढलेली घरातली मी पहिलीच. प्रवेश परीक्षा पास झाले, विद्यापीठात नंबर लागला, होस्टेलमध्ये मात्र लागला नाही. आमच्या सरांच्या ओळखीतल्या बँकेतल्या एका मराठी काकांनी वृंदावन योजना या वसाहतीतला हा पत्ता दिला. 'एकट्या असतात, एक खोली रिकामी आहे, स्वभावाने चांगल्या आहेत,' एवढंच सांगितलं. वजनाचं सांगितलं नव्हतं.

"त्रेचाळीस," मी घाबरून खरं सांगून टाकलं.

जाळीमागचा चेहरा उजळला. "अरे वा! मग तू कुठेही बस."

आत गेले आणि त्या प्रश्नाचा अर्थ कळला. काकूंच्या घरातलं सगळं सामान कागदाचं होतं. सोफा, टीपॉय, चपलांचा कप्पा, पुस्तकांची मांडणी, देवांचा चौरंग, सगळं पुठ्ठ्याचं, एकाच तपकिरी रंगाचं. खोक्याचा पुठ्ठा नव्हे. चांगला जाड, आतून मधाच्या पोळ्यासारखा भरलेला. यातली खुर्ची घरी येते ती घडी होऊन, एखाद्या मोठ्या कॅलेंडरसारखी. रेषांवर दुमडायची, एका बाजूची जीभ दुसऱ्या बाजूच्या खाचेत सरकवायची, की झाली खुर्ची. हातोडी नको, पाना नको. "खिळा नाही, स्क्रू नाही, भानगड नाही," असं काकू म्हणतात, आणि ते इतक्या वेळा म्हणतात की देवाला फुलं वाहतानासुद्धा त्यांना हेच पुटपुटताना मी ऐकलंय.

पाहुण्यांची बसायची जागा वजनावर ठरलेली. पन्नासच्या आतले खिडकीजवळच्या स्टुलावर. साठपर्यंतचे खुर्चीवर. साठ ते ऐंशीमधले सोफ्यावर, पण मधोमध. टोकाला बसलं तर दुसरं टोक वर येतं. आणि कुणीही टेकायला लागलं की काकू हात पुढे करून म्हणतात, "हळू बसा, सरकारी आहे."

सरकारी काही नव्हतं. सगळं काकूंनी स्वतः मागवलेलं, स्वतः जोडलेलं. पण ती त्यांची जुनी सवय.

काकूंचे यजमान, म्हणजे काका, हवाई दलात वॉरंट ऑफिसर होते. साताऱ्याहून लग्न होऊन निघालेल्या काकू त्यांच्यामागे जोधपूर, तांबरम, जोरहाट, बरेली अशा फिरल्या. क्वार्टर सरकारचं, आणि क्वार्टरमधला पलंग, टेबल, खुर्च्याही सरकारच्या. प्रत्येक वस्तूच्या पाठीवर पांढऱ्या रंगाने नंबर घातलेला. पोस्टिंग आली की स्टोअरचा माणूस येऊन एकेक नंबर तपासणार, पाय हलतोय का बघणार, डाग बघणार. जोधपूरला टेबलावर कपाचा गोल डाग राहिला म्हणून त्या माणसाने जी मान हलवली, ती काकू अजून करून दाखवतात. "जन्मभर दुसऱ्याच्या खुर्चीवर बसले मी. तेही कडेकडेने," त्या म्हणतात.

काका निवृत्त होताना शेवटचं पोस्टिंग लखनौ होतं, म्हणून इथेच हा फ्लॅट घेतला. राहायला आल्यावर वर्षाच्या आतच काका गेले. मी येण्याच्या चार वर्षं आधीची ही गोष्ट.

एवढं सगळं झाल्यावर कुणीही सागवानी पलंग करून घेतला असता. काकूंनी कागद घेतला. आणि प्रत्येक कागदी वस्तूच्या पाठीवर मार्करने नंबर घातले.

स्वतः काकू यातल्या कशावरच बसत नसत. त्या बसायच्या काकांच्या काळ्या पत्र्याच्या ट्रंकेवर. झाकणावर काकांचं नाव, हुद्दा, आणि एकाखाली एक गावांची नावं, वरची सगळी काट मारलेली. शेवटचं लखनौ. काकू बरोबर लखनौवर बसायच्या, दाराकडे तोंड करून.

या घरात मी सतत धास्तावलेली असायचे. पाण्याचा ग्लास उचलला की दोन्ही हातांनी. केस धुतले की गॅलरीतच उभी. मी आले तेव्हा ऑगस्टचा चिकचिकाट होता. घरात कूलर होता, पण तो लावायचा नाही. "कूलरची ओली हवा सोफ्याला मानवत नाही," काकू म्हणाल्या. जानेवारीत धुकं पडायला लागलं तशी सोफ्याला ओल लागू नये म्हणून त्यावर रजई आली. ती माझी रजई होती. काकूंनी मला त्यांची दिली, आणि त्या दोन शालींत झोपल्या. सकाळी उठून आम्ही दोघी कुडकुडत चहा प्यायचो. सोफा मजेत असायचा.

पण खरी गंमत रविवारची. सकाळी अमोलदादाचा फोन यायचा. अमोलदादा म्हणजे काकूंचा मुलगा, बंगळुरूला नोकरीला. फोन स्पीकरवर असायचा, कारण काकूंचे हात पोह्यांत.

"आई, या वर्षी नक्की मोठा फ्लॅट बघतोय. मग येतो तुला न्यायला."

"हो हो. तू सावकाश बघ. माझं काही नाही रे, मी तासाभरात निघते."

फोन ठेवला की काकू पदर खोचायच्या. "प्रणाली, चल. दीमक बघू." इकडे वाळवीला दीमक म्हणतात, आणि काकूंना तिची फार भीती. मग सोफा उलगडायचा, खुर्च्या उलगडायच्या, मांडणी उलगडायची. सगळ्याच्या घड्या भिंतीला टेकवायच्या, पाठीवरचे नंबर एका ओळीत आले की काकू त्यांच्यावरून नजर फिरवायच्या. घर रिकामं व्हायचं. रिकाम्या हॉलच्या मधोमध उभ्या राहून काकू म्हणायच्या, "झालं. एवढंच." मग पुन्हा सगळं जोडायचं. दीमक कधी सापडली नाही.

या कवायतीतून फक्त माझ्या खोलीतलं कागदी टेबल सुटायचं. "तुझं राहू दे. तुझा अभ्यास असतो," असं काकू म्हणायच्या. सुट्टीच्या दिवसांतही म्हणायच्या.

फेब्रुवारी संपता संपता बाबांचा फोन आला.

"होळी झाली का येतो म्या. तुरीचा हंगाम सरते."

मला ज्याची भीती होती ते हेच. मला इतक्या लांब पाठवायला बाबा तयारच नव्हते. आईने आणि सरांनी महिनाभर समजावलं, तेव्हा ते एका अटीवर तयार झाले होते: मी कुठे राहते, हे बाबा स्वतःच्या डोळ्यांनी बघणार. 'पटलं त राह्य. नाही त संगंच वापस येजो.' अकोल्याच्या कॉलेजात त्यांनी विचारूनही ठेवलं होतं. हंगामामुळे त्यांचं येणं लांबत गेलं होतं, एवढंच. घरात काय काय आहे, असं आईने विचारलं तेव्हा मी सांगितलं होतं, पलंग आहे, टेबल आहे, सोफा आहे. कशाचे, ते तिने विचारलं नव्हतं.

आणि बाबा म्हणजे अंगापिंडाने दणकट माणूस. पाठीवर तुरीचं पोतं घेऊन ते ट्रकला लावलेली फळी चढतात तेव्हा फळी वाकते.

मी काकूंना सांगितलं. काकूंनी जो प्रश्न विचारला तो मला आधीच माहीत होता. उत्तर माहीत नव्हतं. मी आईला फोन केला.

"वजन कायले पाह्यजे व माय?" आई घाबरली. "डाक्टरनं काही सांगतलं का?"

"नाही गं. काकूंना पाहिजे."

आईने आवाज खाली आणला. मग म्हणाली, "बरी हाय ना व ते बाई?"

दुसऱ्या दिवशी बाबांचाच फोन आला. बाजारातल्या काट्यावर उभे राहून आले होते. "सत्त्याण्णव. बारदान्यासकट."

बारदाना म्हणजे पोत्याचं रिकामं गोणपाट, जे मालाच्या वजनातून वजा करतात. इथे बाबांचे कपडे आणि चपला. हे काकूंना समजावून सांगितलं. त्यांनी ते कपाळाला आठ्या घालून ऐकलं, एखाद्या रिपोर्टसारखं.

"चपला बाहेर काढतील," त्या म्हणाल्या. "तरी पंच्याण्णवच्या खाली येत नाहीत."

"काकू, समोरच्या तिवारी आंटींकडून एक प्लास्टिकची खुर्ची आणू का? एकाच दिवसाचा प्रश्न आहे."

काकू ट्रंकेवरून उठल्याच. "उसनी? माझ्या घरात उसनी खुर्ची? तुझे बाबा मुलीचं घर बघायला येणार आणि परक्याच्या खुर्चीवर बसणार?"

मुलीचं घर, असं त्या म्हणाल्या. मला तेव्हा खुर्चीचीच काळजी होती, म्हणून मी त्यावर विचार केला नाही.

चार दिवसांनी एक भलामोठा चपटा गठ्ठा आला. त्यात एक बाक होता. कागदाचाच, पण जाडजूड. दोन धिप्पाड माणसं आरामात बसतील असं वर लिहिलं होतं. सोबत जोडणीचा कागद. त्यावर एक अक्षर नाही, नुसती चित्रं. एक गोल डोक्याचा माणूस प्रत्येक चित्रात हसत हसत काहीतरी दुमडत होता.

"हा हसतोय कशाला?" काकू म्हणाल्या. "याच्याकडे कोण येणार आहे?"

आम्ही जमिनीवर बसून जोडायला घेतलं. तीन जिभा जागेवर गेल्या. चौथी कुठल्याच खाचेत जाईना. काकू कागद उलटा धरून बघत होत्या, मी माणसाच्या डोक्यावरून अंदाज करत होते. शेवटी कळलं की बैठक आम्ही पाठ समजून लावली होती. पुन्हा सगळं काढलं. माझ्या हाताला घाम सुटलेला बघून काकू ओरडल्या, "हात पुस! पाणी लागतंय त्याला!"

दुपारपर्यंत बाक उभा राहिला. आता प्रश्न होता परीक्षेचा. आधी गव्हाच्या पिठाच्या पिशव्या ठेवल्या, मग पाण्याचा जार, मग मी त्यावर बसले. बाक ढिम्म. पण काकूंचं समाधान होईना. "निर्जीव वजन वेगळं, माणसाचं वेगळं. माणूस हलतो." त्या विचार करत उभ्या राहिल्या, आणि मग तिवारी आंटींना चहाला बोलावून आल्या.

तिवारी आंटी प्रेमळ आहेत आणि भारदस्तही आहेत. काकूंनी आजवर त्यांना दारातूनच बोलून वाटेला लावलं होतं. त्या आल्या, बसल्या. काकू खाली वाकून बाकाच्या पायांकडे बघत राहिल्या.

"क्या गिर गया, भाभीजी?"

"कुछ नहीं, कुछ नहीं. आप ज़रा इधर को खिसकिए. हाँ. अब उधर."

"अरे, आज तो बड़ी खातिर हो रही है! हमें तो लगा आप हमसे नाराज़ रहती हैं."

"नहीं जी. और एक समोसा लीजिए. ज़रा हिलकर बैठिए, आराम से."

तिवारी आंटी इतक्या खूश झाल्या की दोन तास हलल्याच नाहीत. बाकही हलला नाही. त्या गेल्यावर काकूंनी माझा हात धरून दाबला. मला वाटलं, सुटले.

पण होळीला अजून आठवडा होता, आणि आम्ही दोघी स्वभावाने सारख्याच. दुसऱ्या दिवशी सकाळी काकू म्हणाल्या, "मधली जीभ नीट बसलीय ना गं? एकदा काढून बघू." काढली. नीट बसली होती. पुन्हा लावली. तिसऱ्या दिवशी विद्यापीठातून आल्यावर मलाच राहवेना. म्हटलं, काकू, मागची घडी जरा तिरकी वाटते. उलगडली, जोडली. रविवारी अमोलदादाच्या फोननंतर कवायतीत बाकही आला. त्यानंतर तर रोजच. बाबा येण्याच्या आदल्या संध्याकाळी घड्यांवर बोट फिरवलं तेव्हा तिथे कागदाला बारीक लव आल्यासारखं लागलं, जुन्या नोटेसारखं मऊ. मी बोट मागे घेतलं. काकूंनीही तिथे बोट फिरवलेलं मला दिसलं होतं. त्या तशाच स्वयंपाकघरात निघून गेल्या.

चारबाग स्टेशनवर मी बाबांना घ्यायला गेले. धोतर-टोपी नव्हती, लग्नात घालायचा पांढरा शर्ट आणि पँट, खांद्यावर तूरडाळीची पिशवी. ऑटोत ते दोन्ही हातांनी पुढचा दांडा धरून बसले होते. "गाव मोठं हाय," एवढंच म्हणाले. मी घराबद्दल काहीतरी सांगू पाहत होते. काका हवाई दलात होते, काकू फार शिस्तीच्या, पाणी चोवीस तास. कागदापर्यंत माझी गाडी पोचलीच नाही.

काकू दारातच उभ्या होत्या. इस्त्रीची साडी. त्या दिवशी त्यांनी वजन विचारलं नाही. "या, दादा," म्हणाल्या.

बाबांनी चपला काढल्या. घरभर नजर फिरवली. सगळं तपकिरी. मग काकूंनी हात दाखवला त्या बाकाकडे गेले. काकूंचा हात पुढे आला, ओठ हलले, पण 'हळू बसा' हे त्यांच्या तोंडून त्या दिवशी निघालं नाही.

बाबा बसले. बाक काही बोलला नाही. मी पाणी आणलं. बाबांनी ग्लास तोंडाला लावला आणि खालून एक आवाज आला, कुणीतरी दूर पापड मोडावा तसा. मग बाक हळूहळू खाली जायला लागला. धाडकन नाही; उंट बसतो तसा, आधी पुढून, मग मागून. बाबा ग्लास तोंडाला लावलेलाच ठेवून त्याच्यासोबत खाली गेले. पाणी एक थेंब सांडलं नाही. जमिनीला टेकल्यावर त्यांनी उरलेलं पाणी संपवलं, ग्लास बाजूला ठेवला आणि म्हणाले, "बसला."

बाबा उठले. सोफ्याला बोटाने टोचलं. मांडणीवर टिचकी मारली. चौरंगाकडे बघून हात जोडले, मग तोही कशाचा आहे ते वाकून पाहिलं.

"हे सारं पुठ्ठ्याचं हाय?"

"हो," मी म्हणाले.

"कोणती खोली तुही?"

मी दाखवली. बाबा आत गेले, आम्ही दोघी मागोमाग. माझ्या डोक्यात अकोल्याचं कॉलेज आलं होतं. इथली बॅग कशी भरायची, सरांना काय सांगायचं, इथपर्यंत मी पोचले होते. बाबांनी खिडकी उघडून पाहिली, कडी लावून पाहिली, पंख्याकडे पाहिलं. आणि मग थकलेला माणूस टेकतो तसे मागे न बघता माझ्या टेबलावर टेकले. त्यांना तो बाकच वाटला असणार.

"बाबा—"

काकूंनी माझं मनगट घट्ट धरलं. आम्ही दोघी टेबलाच्या पायांकडे बघत राहिलो.

काही झालं नाही. बाबांनी सगळं अंग टाकलं, पाय लांब केले. टेबलाने साधा आवाजही केला नाही. त्यांनी शेजारचं माझं पुस्तक उचललं, इंग्रजी पानं उलटली, पेन्सिलीच्या खुणा पाहिल्या.

"इथंच वाचत बसतं का?"

"हो."

ते बराच वेळ पुस्तक हातात धरून बसले. मग त्यांनी टेबलाच्या कडेवरून हात फिरवला आणि काकूंकडे पाहिलं. "ताई, ते तिकडचं बसलं. हे काऊन नाही बसलं?"

काकूंनी टेबलाची कड पदराने पुसली. "हे मी कधी उलगडलं नाही. एकदा जोडलं ते जोडलं."

"अन बाकीचं?"

"बाकीचं काढते. दर रविवारी." मग जरा घाईने, "सवय राहावी म्हणून. मुलगा येणार आहे न्यायला. तो दारात उभा आणि आपली आवराआवर चाललीय, असं नको. आमच्यात पोस्टिंग आली की लगेच निघावं लागतं."

"कई येणार हाय?"

"येईल. मोठं घर बघतोय."

"कईपासून पाह्यते?"

काकू थोड्या हसल्या. "हे गेल्यापासून."

इतके रविवार मी त्यांच्यासोबत जमिनीवर बसून वाळवी शोधली होती. मी खिडकीकडे बघायला लागले.

बाबा टेबलावरून उठले, आणि काट्यावरून उतरवलेल्या पोत्यावर थाप मारतात तशी टेबलावर एक थाप मारली. मग हॉलमध्ये येऊन जमिनीवर मांडी घालून बसले. काकूंनी आयुष्यात पहिल्यांदा, म्हणजे मी बघितलेल्या आयुष्यात, ट्रंक सोडली आणि त्याही खाली बसल्या. आम्ही तिघं जमिनीवर जेवलो. काकूंनी साताऱ्याची आमटी केली होती. बाबांनी ती तीनदा मागून घेतली.

संध्याकाळच्या गाडीला निघताना बाबा दारात थांबले. माझ्याशी नाही, काकूंशी बोलले.

"पोरगी राह्यते इथंच." मी जिन्याचा कठडा धरला. "मे महिन्यात पेपर सरले का म्या येतो तिले न्यायले. तुम्हीबी चला संगं. महिनाभर राहा. आमच्या घरी खालीच बसा लागते, ताई. जमीन हाय. ते मोडत नाही."

काकूंनी मान डोलावली. ऑटो वळेपर्यंत त्या गॅलरीत होत्या.

त्या रविवारी अमोलदादाचा फोन आला. फ्लॅट बघतोय, मेपर्यंत होईल, मग येतो.

"सावकाश बघ," काकू म्हणाल्या. पोहे परतत राहिल्या. "आणि मेमध्ये येऊ नकोस रे. मी इथे नाहीये. वाशीमला चाललेय."

"वाशीम? तिथे कोण आहे आपलं?"

"आहेत," काकू म्हणाल्या.

फोन ठेवला. मी सवयीने पदराकडे बघितलं. म्हणजे त्या खोचतात का ते. त्यांनी खोचला नाही. गॅसवर एका पातेल्यात पाणी ठेवलं, त्यात मैदा कालवला आणि ढवळायला लागल्या. मला वाटलं काही गोडाधोडाचं आहे. पण ती खळ होती. चिकटवायची खळ.

आम्ही मोडका बाक मध्ये घेतला. तुटलेल्या घड्या सरळ केल्या, जाड कागदाच्या पट्ट्या कापल्या आणि प्रत्येक घडीवर, प्रत्येक जिभेवर खळ लावून पट्ट्या दाबल्या. काकूंची बोटं पांढरी झाली होती.

"काकू, आता हा उलगडणार नाही हं," मी न राहवून म्हणाले. "कधीच नाही."

"माहितीये."

दिवसभर तो पंख्याखाली वाळला. उन्हं उतरली तशी काकू त्याच्याभोवती दोन फेऱ्या मारून आल्या, हाताने दाबून पाहिलं, आणि पुन्हा ट्रंकेकडे वळल्या. मी वाटेत उभी राहिले.

"वजन किती?" मी विचारलं.

त्या गोंधळल्या. "कुणाचं?"

"तुमचं."

"बघ की, मला तरी कुठे माहितीये!" त्या हसत सुटल्या. मग पदर सावरून बाकावर बसल्या. आधी कडेला. मग थोड्या मागे. मग पाठ टेकवून, पाय जमिनीवरून किंचित उचलून. बाक ढिम्म होता. ट्रंकेवर मी बसले.

त्या तशाच बसून राहिल्या, दाराकडे पाठ करून. मग स्वयंपाकघराकडे बघत म्हणाल्या,

"पातेल्यात खळ उरलीय गं थोडी. सोफ्यालाही लावून टाकू या का?"